ताकदीचा व्यायाम आणि सप्लिमेंट्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिममध्ये वजनं उचलायला लागून महिना होत नाही तोच कुणीतरी विचारतं, "तू घेतोस काय?" जेवणात काय घेतोस हे त्याला नको असतं, डब्यातलं काय घेतोस हे हवं असतं. हे पान त्या डब्यांबद्दल आहे. उत्तरं लिहिताना मी एकच कसोटी लावली आहे: वजनांचा बार वर जाताना अडतो कशामुळे, आणि डब्यातली वस्तू नेमक्या त्या अडचणीवर काही करते का? ज्यांना याचं उत्तर देता येतं त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. बाकीच्यांची दोन-चार ओळींत बोळवण केली आहे.

काहीच न घेता ताकद वाढते का?

वाढते, आणि चांगली वाढते. नवख्या माणसाची पहिल्या दीड-दोन महिन्यांतली वाढ तर बरीचशी स्नायू जाड होण्याआधीच होते. मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात: जास्तीत जास्त स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायचे, विरुद्ध बाजूचे सैल सोडायचे, बार इकडेतिकडे न भरकटू देता वर न्यायचा. त्यामुळे रिकाम्या बारने सुरू केलेला स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठबस) थोड्याच दिवसांत प्लेटा मागू लागतो. त्याच सुमारास पावडरही सुरू केली असेल, तर सगळं श्रेय पावडर घेऊन जाते.

म्हणून पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका. व्यायाम करा, पोटभर जेवा, झोपा आणि वहीत आकडे लिहा. तुमची स्वतःची चाल कळली की पुढे घेतलेल्या गोष्टीची तुलना कशाशी करायची हे तरी ठरेल.

मग सप्लिमेंटचा वाटा नेमका किती?

दोन आकडे सांगतो. २००३ साली क्रिएटिनवरच्या २२ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. व्यायामासोबत दिसायला तशीच पण क्रिएटिन नसलेली पावडर घेणाऱ्यांची ताकद सरासरी १२ टक्के वाढली होती, तर क्रिएटिन घेणाऱ्यांची २० टक्के. दुसरा आढावा २०१८ चा, प्रोटीनबद्दलचा: ४९ प्रयोग, १,८६३ माणसं. प्रोटीनची पूरक मात्रा घेतल्याने एका रेपला (बार एकदा पूर्ण उचलून खाली आणणं म्हणजे एक रेप) उचलता येणाऱ्या कमाल वजनात सरासरी सुमारे अडीच किलोची भर पडली. व्यायामाने जी वाढ झाली होती तिच्या तुलनेत ही भर ९ टक्क्यांच्या आसपास होती.

हे आकडे वाचताना एक गोष्ट सुटू देऊ नका. दोन्हीकडे मुख्य वाढ व्यायामाने झाली आहे, डब्याने वरचा थर दिला. आणि यांतल्या पुष्कळ प्रयोगांत नवखी किंवा मध्यम अनुभवाची माणसं होती. दहा वर्षं लोखंड उचलणाऱ्याला एवढ्या टक्क्यांची आशा धरता येत नाही.

खरोखर काम करणाऱ्या वस्तू किती आहेत?

एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी खेळाडूंच्या सप्लिमेंट्सवर निवेदन काढलं. कामगिरी थेट वाढवण्याचा भक्कम पुरावा असलेली त्यांची यादी अशी: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट (खाण्याचा सोडा). यातल्या शेवटच्या तिन्हींचा उपयोग मुख्यतः धावणं, पोहणं, सायकलिंग, वल्हवणं अशा खेळांत. ताकदीच्या व्यायामासाठी चाळणी लावली की क्रिएटिन आणि कॅफिन एवढंच उरतं. प्रोटीन पावडर ही माझ्या लेखी खाद्यपदार्थ आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

क्रिएटिन शरीरात करतं काय?

जड वजनाचा एक सेट, म्हणजे सलग केलेल्या काही रेप्स, डोळ्यांसमोर आणा. स्नायूला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून येते, आणि स्नायूत तयार असलेला एटीपी पूर्ण जोर लावला तर काही सेकंदांत संपेल. तो संपू नये म्हणून फॉस्फोक्रिएटिन नावाचा राखीव साठा धावून येतो आणि वापरलेला एटीपी पुन्हा भरून देतो. हा साठाही दहा सेकंदांच्या आसपासच पुरतो. बेंच प्रेसची (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) पाच रेप्स करायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पाचवी रेप जिथे अडते, नेमका तिथेच हा साठा आटत आलेला असतो.

क्रिएटिन घेतल्याने हा साठा सुमारे २० टक्क्यांनी, काहींत त्याहून जास्त वाढतो. याचा अर्थ पहिल्या दिवशी तुम्ही जास्त वजन उचलाल असा नाही. तिसऱ्या-चौथ्या सेटमध्ये एखादी रेप जास्त निघते, सेटमधल्या विश्रांतीत दम लवकर भरून येतो, आणि अशा जादा रेप्स महिनोन्महिने साठत गेल्या की ताकद वाढते. क्रिएटिन स्वतः स्नायू बांधत नाही, ते तुम्हाला थोडं जास्त काम करू देतं. ते जादा काम केलंच नाही तर डबा वाया.

हा पदार्थ नवा नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३२ मध्ये तो मांसातून वेगळा काढला. तोंडाने घेतलेलं क्रिएटिन माणसाच्या स्नायूंत साठतं हे मात्र १९९२ मध्ये नीट दाखवलं गेलं. आपलं शरीरही ते रोज थोडं बनवतं. मांस-मासे खाणाऱ्यांना आहारातून थोडं मिळतं, शाकाहारी माणसाला जवळजवळ नाहीच. म्हणून शाकाहारी लोकांचा मुळातला साठा कमी असतो आणि त्यांना फरक जास्त जाणवण्याची शक्यता असते.

लोडिंग करावंच लागतं का?

नाही. लोडिंग म्हणजे सुरुवातीला घेतलेली मोठी मात्रा: रोज २० ग्रॅम चार भागांत विभागून पाच-सात दिवस घेतलं की साठा आठवड्यात भरतो. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर तोच साठा सुमारे चार आठवड्यांत भरतो. टाकी एकच, नळ लहान की मोठा एवढाच फरक. स्पर्धा दहा दिवसांवर असेल तर लोडिंगला अर्थ आहे. एरवी पोट बिघडवून घेण्याची घाई कशाला? २० ग्रॅमच्या दिवसांत काहींचं पोट फुगतं, काहींना जुलाब होतात.

सकाळी घ्यावं, व्यायामाआधी की नंतर? आणि कुठल्या प्रकारचं?

जे रोज आठवणीने घ्याल ते. साठा भरलेला राहणं महत्त्वाचं, घड्याळ नाही. सुट्टीच्या दिवशीही घ्यायचं, कारण साठ्यातला एक-दोन टक्के भाग रोज झिजतच असतो.

प्रकार मोनोहायड्रेट. हायड्रोक्लोराइड, इथाइल एस्टर, बफर्ड अशा चमकदार नावांची रूपं महाग असतात, आणि मोनोहायड्रेटपेक्षा सरस असल्याचं त्यांपैकी कुणीही सिद्ध केलेलं नाही. इथाइल एस्टर तर उलट कमी पडलं.

चमच्याबद्दल एक सूचना. डब्यातला स्कूप आकारमान मोजतो, वजन नाही. एकदा मी "५ ग्रॅम" लिहिलेला स्कूप सपाट भरून, दागिने तोलतात तसल्या छोट्या काट्यावर ठेवला. काटा चारपर्यंतसुद्धा पोचला नाही. महिनाभराने डबा हलून पावडर खाली दबली होती, तेव्हा तोच स्कूप पाचाच्या पुढे गेला. क्रिएटिनच्या बाबतीत एवढ्याने काही बिघडत नाही. कॅफिनच्या बाबतीत बिघडतं.

क्रिएटिनने अंगात पाणी धरतं का?

धरतं, पण ते मुख्यतः स्नायूंच्या पेशींमध्ये. पहिल्या काही दिवसांत वजनकाटा किलो-दोन किलो वर सरकतो. ती चरबी नाही आणि नवा स्नायूही नाही. वजनगटात खेळणाऱ्यांनी हे आधीच हिशेबात धरावं, नाहीतर वजन देण्याच्या सकाळी धावपळ होते.

किडनी खराब होते असं ऐकलं. खरं आहे का?

निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत, नेहमीच्या मात्रेत, किडनीला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. ही भीती बहुतेक वेळा एका रक्त तपासणीतून येते. क्रिएटिन झिजून क्रिएटिनिन बनतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी नीट काम करते की नाही हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून जोखतात. सप्लिमेंट घेतलं, अंगावर स्नायू भरपूर असले किंवा आदल्या दिवशी जबर व्यायाम झाला की किडनी ठणठणीत असूनही हा आकडा थोडा वर दिसू शकतो. तपासणीला जाताना डॉक्टरांना "मी क्रिएटिन घेतो" असं स्पष्ट सांगा. गरज वाटली तर ते सिस्टॅटिन-सी सारखी, स्नायूंचा फारसा परिणाम न होणारी तपासणी करून घेऊ शकतात.

ज्यांना किडनीचा विकार आधीपासून आहे किंवा किडनीवर ताण आणणारी औषधं चालू आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिनला हात लावू नये.

आणि केस गळणं?

या अफवेचं मूळ एका छोट्या प्रयोगात आहे. २००९ मध्ये रग्बी खेळणाऱ्या काही तरुणांना तीन आठवडे क्रिएटिन दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात डीएचटी नावाचं संप्रेरक वाढलेलं दिसलं. डीएचटीचा संबंध पुरुषांच्या टकलाशी आहे, म्हणून पुढचं लोकांनी आपापलं जोडून टाकलं. त्या प्रयोगात केस कुणी मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये १२ आठवड्यांच्या एका प्रयोगात केसांची प्रत्यक्ष तपासणी झाली, तेव्हा क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. घराण्यातच टक्कल असेल तर ते क्रिएटिनची वाट पाहत थांबत नाही.

मला क्रिएटिनने काहीच फरक पडला नाही. असं होतं का?

होतं. काहींचा साठा मुळातच भरलेला असतो, त्यांच्या टाकीत आणखी मावत नाही. महिनाभर रोज ५ ग्रॅम घेऊन वजनकाटा जागचा हलला नाही आणि वहीतही काही दिसलं नाही, तर तुम्ही कदाचित त्यांच्यातले. दुसऱ्या ब्रँडचं घेऊन पाहण्यात अर्थ नाही.

प्रोटीन किती लागतं?

सामान्य प्रौढ माणसासाठी शिफारस शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅमची आहे. ती झीज भरून काढण्यापुरती. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम लागतं. वर सांगितलेल्या २०१८ च्या आढाव्यात साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायुवाढीला जादा फायदा होताना दिसेना. ७० किलोच्या माणसाला म्हणजे रोज सुमारे ११२ ग्रॅम.

आता पावडर विकत घेण्याआधी तीन दिवस जे खाता ते लिहून काढा आणि बेरीज करा. कंटाळवाणं काम आहे, कुणाला आवडत नाही. पण बेरीज १०० वर आली तर तुम्हाला डबा नको, एखादा ग्लास दूध नाहीतर दोन अंडी हवीत. बेरीज ५५ वर आली तर पावडर सोयीची पडेल. पावडरीत कुठलीही जादू नाही, ती वाळवलेलं अन्न आहे. अन्नातून भागत असेल तर तिने ताकदीत काही भर पडत नाही.

निरोगी किडनीला एवढं प्रोटीन झेपतं. किडनीचा आजार असेल तर प्रोटीनची मर्यादा डॉक्टर ठरवतील, जिममधला प्रशिक्षक नाही.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा का?

शेवटचा सेट होताच बाटली हलवत धावणारी माणसं सगळ्या जिममध्ये दिसतात. २०१३ मध्ये यावरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांचं दिवसभराचं प्रोटीन सारखं होतं त्यांच्यात वेळेने म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता. व्यायामाच्या दोन-तीन तास आधी नीट जेवला असाल तर त्या जेवणातलं प्रोटीन अजून रक्तात उतरतच असतं. अनशेपोटी पहाटे व्यायाम करत असाल तर नंतर लवकर खाल्लेलं बरं. दिवसाचं प्रोटीन तीन-चार वेळांत विभागून घ्या, दर वेळी २० ते ४० ग्रॅम, एवढं पुरे.

कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट, केसिन, वाटाणा, सोया: घ्यायचं कुठलं?

व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन. त्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ७० ते ८० टक्के प्रोटीन, आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज फार कमी. दूध पचत नसेल तर आयसोलेट, नाहीतर कॉन्सन्ट्रेट पुरतं. केसिन हे दुधातलंच दुसरं प्रोटीन, ते सावकाश पचतं. वनस्पतिजन्य प्रोटीनमध्ये ल्युसिन हे अमिनो आम्ल (प्रोटीन ज्या घटकांनी बनतं त्यांतला एक) थोडं कमी असतं, म्हणून दर वेळची मात्रा जरा वाढवा. रोजची बेरीज भरली की ताकदीत फारसा फरक राहत नाही. कोलॅजेन मात्र या कामाचं नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे स्नायू बांधायला ते अपुरं पडतं.

एक लबाडी ओळखायला शिका. प्रोटीन मोजण्याच्या रूढ पद्धतीत खरं तर नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीनचा अंदाज बांधतात. मग स्वस्तातलं ग्लायसिन, टॉरिन किंवा तत्सम काही मिसळलं की नायट्रोजन वाढतो आणि लेबलवरचं प्रोटीनही फुगतं. घटकांच्या यादीत व्हेच्या पाठोपाठ ही नावं सुटी लिहिलेली दिसली तर डबा परत फळीवर ठेवा.

बीसीएए?

नको. बीसीएए म्हणजे फांद्यांसारखी रचना असलेली अमिनो आम्लं, आणि ती नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी तीन आहेत. तीन गवंड्यांना बोलावलं आणि विटा आल्याच नाहीत, तर भिंत उभी राहत नाही. पुरेसं प्रोटीन खाणाऱ्याच्या पोटात ही तिन्ही आधीच जात असतात. ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो आम्लालाही हेच उत्तर.

कॅफिनने वजन जास्त उचललं जातं का?

थोडं. दिवसभर साठत जाणारा अडेनोसिन नावाचा पदार्थ मेंदूला थकव्याचा निरोप देतो. कॅफिन त्याची जागा अडवतं, निरोप पोचत नाही, आणि तेच वजन जरा हलकं वाटतं. प्रयोगांत बहुतेकदा शरीराच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, व्यायामाच्या सुमारे तासभर आधी अशी मात्रा वापरली आहे. ७० किलोच्या माणसाला खालच्या टोकाला २१० मिलिग्रॅम होतात. यापेक्षा कमी मात्रेनेही पुष्कळांना परिणाम जाणवतो, तेव्हा सुरुवात खालूनच करा. निरोगी प्रौढाने दिवसभरात सगळं मिळून ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं. गरोदरपणात ही मर्यादा २०० ची आहे.

खेळाडूंसाठी: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २००४ मध्ये कॅफिन बंदीच्या यादीतून काढलं. त्यावर लक्ष ठेवणं मात्र चालू आहे.

सुटी कॅफिन पावडर घरात आणू नका. शुद्ध पावडरीच्या एका लहान चमच्यात अनेक ग्रॅम कॅफिन मावतं, आणि अशा चुकीने माणसं दगावली आहेत. वर सांगितलेली स्कूपची गंमत इथे जिवावर बेतते.

संध्याकाळी व्यायाम करतो. तरी घेऊ का?

गणित करून बघा. कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. सहा वाजता २०० मिलिग्रॅम घेतलंत तर अकराला अंथरुणावर पडताना १०० मिलिग्रॅम अजून रक्तात आहे, म्हणजे झोपण्याआधी एक कप कॉफी प्यायल्यासारखंच. आज मिळालेली एक रेप उद्याच्या पेंगुळलेल्या सत्रात परत जाते. मी स्वतः दुपारनंतर घेत नाही.

प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची मिश्र पावडर) घेतलं की कान आणि चेहरा झिणझिणतो. म्हणजे काम करतंय ना?

झिणझिण्या बीटा-अलानिनच्या. एका वेळी ८०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं की त्वचेतल्या मज्जातंतूंवर तो परिणाम होतो. तो निरुपद्रवी आहे, पण त्याचा कामगिरीशी संबंध नाही. बीटा-अलानिनने स्नायूतलं, आम्लता सावरणारं कार्नोसिन वाढतं, आणि त्यासाठी रोज ३.२ ते ६.४ ग्रॅम निदान चार आठवडे घ्यावं लागतं. उपयोग होतो तो एक ते चार मिनिटं चालणाऱ्या, अंग जाळणाऱ्या कामात. तीन रेप्सच्या जड डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) काय फरक पडणार? उत्पादकांना मात्र झिणझिण्या प्रिय असाव्यात. इतकी ठळक पोचपावती दुसरा कुठलाही घटक देत नाही.

आता लेबल जवळून पाहू. समजा मागच्या बाजूला लिहिलंय "प्रोप्रायटरी ब्लेंड ६ ग्रॅम" (म्हणजे मिश्रणाचं फक्त एकूण वजन) आणि खाली आठ नावं, पहिलं सिट्रुलिन मॅलेट. प्रयोगांत सिट्रुलिन मॅलेट ६ ते ८ ग्रॅम वापरतात. म्हणजे पहिल्या घटकालाच सगळे सहा ग्रॅम हवेत आणि उरलेल्या सातांना शून्य. नावं आठ छापली, मात्रा एकाचीही पुरी नाही. त्यात भर म्हणजे कॅफिन किती तेही कळत नाही. ज्या डब्यावर प्रत्येक घटकाचं वजन वेगळं लिहिलेलं नाही तो घेऊ नये, हा माझा पक्का नियम आहे.

सिट्रुलिनने शेवटच्या सेट्समध्ये एखाद-दुसरी रेप वाढल्याचे काही निकाल आहेत, पण ते एकसारखे नाहीत. सोडियम बायकार्बोनेटने स्पर्धेपेक्षा शौचालयाच्या फेऱ्या जास्त होण्याचा धोका.

टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या गोळ्या?

ट्रिब्युलस, म्हणजे आपला गोखरू, यात सर्वांत गाजलेला. व्यायाम करणाऱ्या निरोगी पुरुषांत त्याने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं दिसत नाही. अश्वगंधेच्या काही लहान प्रयोगांत ताकद वाढल्याचे निकाल आहेत. दुसऱ्या बाजूला यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून मी ती कुणाला सुचवत नाही. आणि एखाद्या "नैसर्गिक" गोळीने महिन्याभरात डोळ्यांत भरेल असा फरक पडलाच, तर आनंद मानण्याआधी त्या गोळीत न छापलेलं काय आहे याची चिंता करा.

जीवनसत्त्वांचं काय?

कमतरता असेल तर ती भरून काढल्याने फरक पडतो. ड जीवनसत्त्व किंवा लोह कमी असलेला माणूस दमतो आणि सराव नीट करू शकत नाही. रक्त तपासा, कमी असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्या. साठा पुरेसा असताना वर ओतून ताकद येत नाही.

क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांबद्दल जरा सांभाळून. व्यायामाने होणारा ताण हाच स्नायूला "सुधार" असं सांगणारा निरोप असतो. मोठ्या मात्रेने तो निरोप काही प्रमाणात दबत असल्याची चिन्हं प्रयोगांत दिसली आहेत. फळं-भाज्यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांना हे लागू नाही.

माझ्यावर एखादी गोष्ट काम करते की नाही, हे कसं ओळखू?

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न.

आधी मन काय करू शकतं ते ऐका. १९७२ मध्ये वजन उचलणाऱ्या काही जणांना स्टेरॉइड म्हणून बिनऔषधी गोळ्या दिल्या, आणि त्यांची उचल आधीच्या काळापेक्षा झपाट्याने वाढली. २००० मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या ११ पॉवरलिफ्टरांवर असाच प्रयोग झाला. गोळ्या सॅकरिनच्या होत्या, सांगितलं होतं स्टेरॉइड. त्यांची उचल वाढली. नंतर काहींना खरं सांगितलं, तर त्यांची वाढ ओसरली. ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांची टिकून राहिली. ही नवशिकी पोरं नव्हती, वर्षानुवर्षं किलोकिलोचा हिशेब ठेवणारी माणसं होती.

हा प्रयोग वाचल्यावर मी एक खेळ केला. माझा व्यायामाचा जोडीदार कधी साधी कॉफी करायचा, कधी कॅफिन काढलेली, आणि कुठल्या दिवशी कुठली हे स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवायचा. मी मुकाट पिऊन बेंच प्रेस करायचो आणि वहीत अंदाज लिहायचो. पाच आठवड्यांनी ताळा केला. माझा सर्वांत चांगला दिवस, ज्याच्यापुढे मी वहीत "आज नक्की खरी!" असं लिहून खाली रेघ मारली होती, तो कॅफिन काढलेल्या कॉफीचा निघाला. ती रेघ अजून आहे.

तुम्ही असा खेळ करू नका, पण निदान पुढचं एवढं तरी करा. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. सुरू करण्याआधी चार आठवडे आणि नंतर आठ आठवडे तेच व्यायाम, त्याच दिवशी, तेवढ्याच विश्रांतीने. प्रत्येक सेटचं वजन आणि रेप्स लिहा, शेजारी झोपेचे तास आणि सकाळचं वजन. एका दिवसाच्या विक्रमाकडे बघू नका. कमाल उचल काही न बदलताही दिवसागणिक काही टक्के इकडेतिकडे होते. आठवड्याची एकूण रेप्सची बेरीज बघा. तिथे चढ दिसला तर घेत राहा.

डब्यात लिहिलंय तेच आत असतं का?

नेहमी नाही. ऑलिंपिक समितीच्या पैशाने झालेल्या एका तपासणीचा निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट्स विकत घेतली होती. त्यांतल्या ९४ मध्ये, म्हणजे १४.८ टक्क्यांत, लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडवर्गीय द्रव्यं सापडली. अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारपेठेतही १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विक्रीला आणण्याआधी ते सुरक्षित आणि गुणकारी असल्याची सरकारी मंजुरी लागत नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी नियम कडक आहे: नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की जबाबदारी खेळाडूची, मग ते डब्यातून नकळत आलेलं का असेना. एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्ट अशा स्वतंत्र तपासणीची खूण असलेला माल घ्या आणि डब्यावरचा बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. खूण छापणं सोपं असतं, बॅच सापडणं महत्त्वाचं. रिकामा डबाही काही महिने जपून ठेवा.

कुणी सप्लिमेंट घेऊ नये?

१८ वर्षांखालच्यांना जेवण आणि झोप यापलीकडे गरज नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, हृदयाच्या ठोक्यांचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, चिंतेचा विकार असलेले, कुठलंही औषध रोज घेणारे: यांनी आधी डॉक्टर, मग डबा. बाकी स्त्री-पुरुष असा भेद करायचं कारण नाही. "महिलांसाठी खास" लिहिलेल्या डब्यात बहुधा तीच पावडर असते, रंग तेवढा वेगळा.

घेणं बंद केलं तर ताकद जाते का?

कॅफिन रोज भरपूर घेत असाल तर बंद केल्यावर दोन-चार दिवस डोकं दुखेल. हळूहळू कमी करा. प्रोटीन पावडर थांबवून तेवढंच प्रोटीन जेवणातून घेतलं तर काहीच होत नाही. क्रिएटिन थांबवलं की चार ते सहा आठवड्यांत साठा मूळ पातळीवर येतो. वजनकाट्यावर किलोभर कमी दिसेल, ते पाणी आहे. शेवटच्या सेटमधली ती एखादी जादा रेप कदाचित जाईल. तोवर केलेल्या कामाने बांधलेला स्नायू जागेवर राहतो, व्यायाम चालू असेपर्यंत. थांबवल्याची तारीख वहीत लिहून ठेवा, म्हणजे सहा आठवड्यांनी काय गेलं आणि काय राहिलं हे तपासता येईल.